कपाटामागची खोली

कल्पना करा, तुम्हाला एका पाहुण्याला सगळी इमारत फिरवून दाखवायची आहे, फक्त तिच्यातली सगळ्यात मोठी खोली सोडून. तिथे अशी खोली आहे हेच त्याला कळता कामा नये. पाहुणा काही आंधळा नाही, उलट तो बघायलाच आलेला आहे. तुम्ही त्याच्या डाव्या अंगानं चालायचं, कारण दार डावीकडे आहे. दार जवळ आलं की उजव्या भिंतीवरच्या फोटोकडे हात करायचा, आणि तो असा करायचा की पाहुण्याची मान आपोआप तिकडे वळली पाहिजे. थांबायचं नाही, पळायचंही नाही. बोलणं तुटू द्यायचं नाही, कारण बोलणं तुटलं की माणूस इकडेतिकडे बघू लागतो. आणि हे सगळं हसतमुखानं.

जमेल? पहिल्या खेपेला कोणालाच जमत नाही. वहिनींना मात्र हे डोळे मिटून जमायचं.

वहिनी ज्या केंद्रात काम करायच्या तिथे आजारी माणसाला घरी लागणाऱ्या वस्तू वापरायला मिळायच्या. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, हँडल फिरवून उशाकडची बाजू वर करता येणारी खाट. लागतील तितके दिवस न्यायच्या, गरज संपली की आणून द्यायच्या, भाडं नाही. केंद्र सुरू केलं होतं सरांनी. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. बायकोच्या आजारपणात घेतलेली खाट ती गेल्यावर रिकामी बघवेना, म्हणून त्यांनी ती शेजारच्या गल्लीत वापरायला दिली, आणि मग देतच राहिले. सर जगातल्या कुठल्याही नदीबद्दल तासभर बोलू शकत, पण कोणाकडे मदत मागायची वेळ आली की त्यांच्या घशाला कोरड पडे.

वहिनी तिथे आल्या त्या भांडायला. सासऱ्यांसाठी नेलेली खाट रात्रंदिवस कुरकुरते म्हणून ती परत घेऊन त्या तणतणत आल्या. नेमके त्याच वेळी दोन देणगीदार दारात उभे, आणि सर नुसते हात चोळतायत. वहिनींना राहवेना. ‘या ना आत, उभे का?’ म्हणत त्यांनीच पाहुण्यांना सगळं केंद्र दाखवलं. तिथे यायची ही त्यांची तिसरी खेप होती. कुठलं सामान कशासाठी हे त्यांना अर्धंच ठाऊक होतं, उरलेलं त्यांनी ठोकून दिलं. पाहुणे खूश होऊन गेले. खाट दुरुस्त होऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून वहिनी नोकरीला लागल्या. काम काय, तर ना खाती लिहिणं, ना साहित्य उचलणं, फक्त पाहुणे फिरवणं. सासूबाई म्हणाल्या, ‘जिभेचा पगार मिळणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच.’

खाट दुरुस्त केली ती डॉक्टरनं. हा डॉक्टर म्हणजे केंद्राचा मेकॅनिक. चाक जरा जरी वाजलं की तो त्याला कान लावून बसायचा, डोळे मिटायचा आणि ‘बेअरिंग गेलंय’ असं रोग्याला ऐकू जाऊ नये अशा आवाजात सांगायचा. त्यावरून हे नाव पडलं. त्याचा एकच दोष होता. वाजणारी वस्तू त्याला सहनच व्हायची नाही. एकदा तो नोकरीसाठी मोटारसायकलच्या गॅरेजात बोलणी करायला गेला, तर मालक पगाराचं सांगत असताना हा मालकाच्या खुर्चीखाली शिरून तिचा स्क्रू आवळत होता. मालकानं तिथल्या तिथे होकार दिला.

हो, नोकरीसाठी. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

केंद्राला देणग्या मिळत नव्हत्या असं नाही. मिळत, पण सगळ्या नव्या खुर्च्यांच्या रूपात. नव्या कोऱ्या, चकचकीत, पाठीमागे देणाऱ्याचं नाव ठळक अक्षरांत छापलेलं. वापरून वापरून वर्षा-दोन वर्षांत कोणाचं टायर जाई, कोणाचा ब्रेक, कोणाचं पायदान निखळे. टायरला मागायला जावं तर उत्तर येई की टायर म्हणजे काही साहित्य नव्हे. मेकॅनिकच्या पगाराला मागायला जावं तर उत्तर येई की हा वरखर्च झाला, आम्ही वरखर्चाला देत नाही, आमचा पैसा थेट गरजूपर्यंत पोचला पाहिजे. आता थेट पोचलेली खुर्ची वाटेत अडून बसली तर तिला पुढे कोण ढकलणार, हे विचारायची सरांची हिंमत नव्हती. ते डॉक्टरचा पगार आपल्या पेन्शनमधून देत, आणि तोही आता उशिरा होऊ लागला होता. ‘वरखर्च’ हा शब्द डॉक्टरच्या घरीही पोचला होता. तो संध्याकाळी दारात आला की बायको आतून ओरडायची, ‘आले का आमचे वरखर्च? पाय धुवून या म्हणावं!’

मोडक्या खुर्च्या मागच्या मोठ्या खोलीत जात. खोली भरत गेली. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की देणगीदारांनी हे पाहिलं तर म्हणतील, दिलेल्या सांभाळता येत नाहीत, नव्या कशाला देऊ? म्हणून दारापुढे लोखंडी कपाट आलं. डॉक्टरला आत-बाहेर करावं लागे, म्हणून कपाटाला एका मेलेल्या खाटेची चाकं लागली. ढकललं की ते असं किंचाळायचं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायचा. वहिनींना ते किंचाळणं आवडायचं. कपाट हललं तर कळतं, त्या म्हणायच्या. डॉक्टरचा चेहरा मात्र दरवेळी दाढ दुखल्यासारखा व्हायचा.

आणि एक दिवस डॉक्टर म्हणाला, ‘वहिनी, पहिल्या तारखेपासून गॅरेजात जातोय. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? पोरीच्या कॉलेजची फी आहे.’

वहिनी म्हणाल्या, ‘जा की. कोण अडवतंय?’ आणि दिवसभर त्याच्याशी बोलल्या नाहीत.

त्याच आठवड्यात एका मोठ्या फाउंडेशनच्या मॅडम भेटीला येणार होत्या. सरांनी वहिनींना बोलावून घेतलं. ‘वीस खुर्च्या मागायच्या. त्या वीस खुर्च्याच देतात.’

‘सर, आणि डॉक्टर?’

‘डॉक्टर मागून मिळणार आहे का? मिळेल ते मागावं.’ सर भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे बघत बसले.

घरी वहिनींनी ही रड सासूबाईंपुढे मांडली. ज्या खोलीत मांडली तिथे भिंतीवर घड्याळंच घड्याळं होती. वहिनींच्या लग्नात आहेर म्हणून आलेली. कोणाचं बदकाच्या आकाराचं, कोणाचं ताजमहालाच्या नाही तर जहाजाच्या, आणि प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. चालायचं त्यांतलं एक, तेही दहा मिनिटं मागे. बाकीची ज्या वेळेला दमली त्या वेळेवर थांबलेली होती.

‘बघ,’ सासूबाई भिंतीकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, ‘घड्याळं सगळ्यांनी दिली. सेल दिला कोणी? घड्याळावर नाव घालता येतं. सेलवर कुठे घालणार?’

‘मग मी काय करू? त्या मॅडमला सांगू, की बाई, सेल द्या?’

‘नाहीतर काय! पाहुणा यायच्या आधी फाटक्या उश्या तुम्हीच पलंगाखाली लोटायच्या, आणि तो फुलदाणी घेऊन आला की तुम्हीच कपाळाला हात लावायचा. ताकाला जायचं नि भांडं लपवायचं!’

‘तुम्हाला बोलायला काय जातं, आई. उश्या फाटक्या दाखवल्या तर म्हणतात, घर नीट ठेवत नाहीत.’

‘म्हणोत. उशी तर मिळेल.’

वहिनींना पटलं, पण धीर होईना. इतकी वर्षं ज्या दारापासून माना वळवल्या, ते दार आपल्याच हातानं कसं उघडायचं?

मॅडम आल्या. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे चालणं सावकाश. वहिनींची सगळी फेरी भरभर चालणाऱ्या पाहुण्यांच्या बेतानं बसवलेली होती. सावकाश चालणारा माणूस म्हणजे धोका. तरी त्यांनी डावी बाजू धरली, सराईतपणे बोलणं सुरू केलं, पुढच्या हॉलमधल्या नव्या खुर्च्या दाखवल्या, खाटेचं हँडल फिरवून दाखवलं. कपाट जवळ आलं. वहिनींनी उजव्या भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. ‘हे आमच्या पहिल्या खाटेचं…’

‘एक मिनिट हं,’ मॅडम म्हणाल्या. ‘गुडघा भरून आलाय.’ आणि आधारासाठी त्यांनी कपाटावर हात टेकला.

कपाट निघालं.

कुठलाही आवाज न करता. त्या हॉलच्या फरशीला मोरीकडे किंचित उतार होता. त्या उतारावरून लोखंडी कपाट एखाद्या मोठ्या अधिकाऱ्यासारखं धिमेपणानं चालत गेलं, नव्या खुर्च्यांच्या रांगेपाशी अलगद थांबलं. मॅडमचा हात हवेत राहिला. वहिनींनी त्यांना दंडाला धरून सावरलं, म्हणून त्या पडल्या नाहीत. आणि समोर सताड उघडं दार, दारात उलट्या बादलीवर बसलेला डॉक्टर, मांडीवर जेवणाचा डबा.

डॉक्टरनं आधी कपाटाकडे पाहिलं, मग वहिनींकडे. त्याचा चेहरा उजळला. ‘बघा वहिनी! आवाज आला? जरा तरी आला? काल संध्याकाळी बसून चारही चाकांना नवीन बेअरिंग घातली. म्हटलं, जाता जाता तुम्हाला काहीतरी देऊन जावं.’

मग त्याला मॅडम दिसल्या. तो डब्याचं झाकण लावू लागला, आणि ते काही लागेना.

डॉक्टरच्या मागे छतापर्यंत खुर्च्या. खुर्चीवर खुर्ची, चाकात चाक अडकलेलं, पाय वर, पाठ खाली. आत शिरायला जागा नव्हती. आणि दिसत होत्या त्या सगळ्या पाठी. निम्म्यांवर एकच नाव.

‘हे आमचं नाव आहे,’ मॅडम म्हणाल्या.

सर कुठूनसे धावत आले. ‘त्या… विश्रांती घेतायत,’ ते म्हणाले.

‘या गेल्या वर्षीच्या ना?’

वहिनींची जीभ, जिचा पगार मिळायचा ती जीभ, टाळ्याला चिकटली होती. पण डॉक्टर अजून झाकणाशी झटापट करत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या मनात आलं, आता गेलंच आहे तर सगळंच जाऊ दे.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘या त्याच्या आधीच्या. गेल्या वर्षीच्या त्या कोपऱ्यात आहेत. मॅडम, इथूनच बघा, पुढे पाय ठेवू नका, पायदान आहे.’ आणि नेहमीच्याच सुरात, नेहमीसारखाच हात करत, त्यांनी ती खोली दाखवायला सुरुवात केली. ‘हिचं फक्त एक टायर गेलंय. ही ब्रेकसाठी थांबलीय. या दोघींची मिळून एक होते, पण ती करायला वेळ लागतो आणि माणूस लागतो. माणूस हा. पहिल्या तारखेला गॅरेजात जातोय.’

‘मग आमच्याकडे वीस नव्या कशाला मागितल्यात?’

‘तुम्ही तेवढंच देता म्हणून. टायरला मागितलं तर टायर साहित्यात बसत नाही. याच्यासाठी मागितलं तर हा वरखर्च आहे.’

‘घरीसुद्धा,’ डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी जवळची एक बरी खुर्ची ओढली आणि बसल्या. ब्रेक नसल्यामुळे खुर्ची मागे सरकली, तशी वहिनींनी तिला पायानं टेकू दिला. गुडघा चोळत मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हाला वाटत असेल, आम्हाला अक्कल नाही. पण आम्हालाही वर दाखवावं लागतं हो. आमचे विश्वस्त विचारतात, आपल्या पैशातून दिसलं काय? खुर्चीचा फोटो काढता येतो. पगाराचा कसा काढू? मीही त्यांना फिरवूनच आणते. फोटो, आकडे, चहा.’

‘मग तुमच्याकडेही कपाट आहे म्हणायचं,’ वहिनींच्या तोंडून निघून गेलं.

आता मात्र मॅडम हसल्या. ‘मी कबूल काही करत नाही. पण विश्वस्तांना घेऊन येते. पहिली ही खोली दाखवा. आणि कृपा करून, आवरू नका.’

गॅरेजचा मालक एक महिना थांबायला तयार झाला. खुर्चीचा स्क्रू त्याला अजून आठवत होता.

‘आवरू नका’ म्हणणं सोपं असतं. पाहुणे येणार म्हटल्यावर केंद्रातल्या माणसांचे हात शिवशिवू लागले. सरांनी मोडक्या खुर्च्या उंचीप्रमाणे लावायला घेतल्या. झाडणाऱ्या मावशींनी सगळ्या पाठी ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केल्या. वहिनी ओरडून ओरडून दमल्या. आणि डॉक्टर? त्याला सक्त ताकीद होती की एकाही खुर्चीला हात लावायचा नाही. तो मान डोलवायचा, आणि वहिनी घरी गेल्या की दोन मेलेल्यांची एक जिवंत करायचा. रोज सकाळी खोलीत थोडी जास्त फरशी दिसायची.

‘अरे, तुझ्याच पोटावर पाय देतोयस!’ वहिनी कडाडल्या. ‘मोडक्या दिसल्या तर तुझी गरज दिसेल ना?’

‘बघवत नाही हो वहिनी. पाहुणे येणार आणि चाक वाकडं?’

‘तुझ्यापुढे डोकं फोडून घ्यावं!’

‘नको, तुम्हालाच खुर्ची लागेल, आणि ती मलाच दुरुस्त करावी लागेल.’

वहिनींनी त्याची हत्यारांची पेटी कुलपात घातली. त्यानं खिशात एक पाना ठेवलाच होता.

विश्वस्त आले, तीन वयस्क गृहस्थ, मॅडमच्या मागोमाग. या वेळी कपाट आधीच बाजूला होतं. दार उघडलं. खोली निम्म्याहून अधिक रिकामी. मोडक्या खुर्च्या एका भिंतीशी शाळेतल्या मुलांसारख्या ओळीनं उभ्या. चारही पाहुणे आरामात आत शिरले.

‘छान ठेवलंय की,’ सगळ्यात वयस्क विश्वस्त म्हणाले. ‘फारशा मोडक्या काही दिसत नाहीत. मग अडचण काय आहे?’

सर खोकले. डॉक्टर दाराआड सरकला. वहिनी मॅडमकडे बघत होत्या, मॅडम जमिनीकडे बघत होत्या.

‘साहेब,’ वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही कुठे उभे आहात?’

‘म्हणजे?’

‘जिथे उभे आहात तिथे मागच्या महिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मॅडमना दारातच बसावं लागलं होतं. विचारा त्यांना.’

‘खरं आहे,’ मॅडम म्हणाल्या. ‘आत येताच येत नव्हतं.’

‘तेव्हा जे होतं ते आता पुढच्या हॉलमध्ये आहे, आणि अर्धं तर लोकांच्या घरी गेलंसुद्धा. एकही नवी खुर्ची आलेली नाही. हे सगळं याच्या हातचं. नको म्हणून सांगितलेलं असताना केलंय, म्हणून माझा याच्यावर रागच आहे. तुम्हाला हवा असला तर याचा फोटो काढा. वरखर्च म्हणतात तो हा.’ आणि त्यांनी दाराआडून डॉक्टरला बाहीला धरून ओढलं. त्याच्या खिशातून पाना खाली पडला.

वयस्क विश्वस्तांनी पाना उचलला, उलटसुलट पाहिला आणि डॉक्टरच्या हातात दिला. जाताना फक्त कपाटाला बोटानं जरासं ढकलून पाहिलं. ते दोन पावलं गेलं. ‘वा!’ ते म्हणाले.

पंधरवड्यानं वहिनींना आणि सरांना फाउंडेशनच्या ऑफिसात बोलावणं आलं. तीन वर्षांसाठी मदत मंजूर झाली होती, आणि ती कशावर खर्च करायची हे केंद्रानं ठरवायचं होतं. पगार, टायर, भाडं, काहीही. नाव कशावरच छापायचं नाही. अट एकच, ती मॅडमनी घातली होती. काही बिघडू लागलं की बिघडून जायच्या आधी फोन करायचा. सरांना एवढं भरून आलं की ते कुठल्यातरी नदीबद्दल बोलू लागले. वहिनींनी तिथूनच डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, ‘थांबा, बायकोला सांगतो,’ आणि मग बराच वेळ पलीकडून नुसते हसण्याचे आवाज येत राहिले.

निघायच्या आधी एक चुणचुणीत तरुण आला. ‘या ना, तुम्हाला आमचं ऑफिस दाखवतो.’ मोठी चकाचक जागा. तो छान बोलत होता. इथे बैठका होतात, इथे कामाचे अहवाल तयार होतात, हे फोटो बघा. वहिनीही आनंदात होत्या, म्हणून त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. तरुण पहिल्यापासून त्यांच्या डाव्या बाजूनं चालत होता. बोलणं कुठे तुटू देत नव्हता. आणि बोळाच्या टोकाशी पोचल्यावर त्यानं उजव्या भिंतीवरच्या फोटोकडे असा हात केला की सरांची मान आपोआप वळली.

वहिनींची वळली नाही. डाव्या भिंतीला एक उंच लाकडी कपाट होतं, आणि कपाटाच्या मागून, अगदी वरच्या कडेला, दाराच्या चौकटीची चार बोटं रुंद पट्टी दिसत होती. त्यांनी चप्पल नीट करायच्या निमित्तानं कपाटावर हात टेकला आणि हळूच जोर दिला. कपाट जागचं हललं नाही. चाकं नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी मदतीची बातमी सासूबाईंना सांगितली, त्यांचं ‘मी काय म्हणत होते!’ म्हणून होईपर्यंत थांबल्या, आणि मग आठवडाभर एकच प्रश्न लावून धरला. डॉक्टरला विचारला, सरांना विचारला, मॅडमना फोनवर विचारायचा दोनदा धीर केला आणि दोन्ही वेळा चाकाची गोष्ट काढून फोन ठेवला. भेटेल त्याला त्या अजून विचारतात, ‘तुम्ही शहाणी माणसं आहात म्हणून विचारते, त्या कपाटामागे काय असेल हो?’